जेवण की औषध, एकदा काय ते ठरवा

मॅक्रोबायोटिक डाएट शिकवणाऱ्या, नॅचरल हीलिंगचे सल्ले देणाऱ्या लोकांबद्दल माझं एकच म्हणणं आहे आणि ते आधीच सांगून टाकते, कारण लेख लांबणार आहे. स्वयंपाक शिकवा, हवा तेवढा शिकवा. ब्राऊन राइस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) घातलेलं सूप, भाज्या, कडधान्यं, सावकाश चावून खाणं, यात वाईट काही नाही आणि त्यासाठी कुणाची परवानगीही लागू नये. पण समोर बसलेला माणूस रिपोर्टची फाईल उघडतो आणि तुम्ही फी घेऊन त्याला काय खा, काय सोड ते सांगता तेव्हा तुम्ही उपचार करताय, आणि मग उपचाराची जबाबदारीही तुमचीच. सध्या काय होतं, की दावा करताना हे औषध असतं आणि काही बिघडलं, कुणी जाब विचारायला गेलं, की लगेच "अहो, हे तर नुसतं जेवण आहे, जेवणाने कुणाला काय होणार" असं उत्तर येतं. दोन्ही एकदम चालणार नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ जपानचं. सागेन इशिझुका नावाचे जपानी लष्करातले डॉक्टर होते, त्यांनी आहाराने आजार बरे करायचे म्हणून १९०७ मध्ये संस्था काढली. त्यांचा विचार पुढे नेला जॉर्ज ओसावा यांनी, मूळ नाव युकिकाझू साकुराझावा. आणि अमेरिकेत तो खरा रुजवला मिचिओ कुशी आणि त्यांची बायको अॅव्हलिन यांनी. कुशी १९४९ मध्ये अमेरिकेला गेले, १९६६ मध्ये बॉस्टनला एरेव्हॉन नावाचं दुकान निघालं, १९७८ मध्ये कुशी इन्स्टिट्यूट. आज अमेरिकेतल्या दुकानात टोफू, मिसो, ब्राऊन राइस सहज मिळतात त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे, इतका की १९९९ मध्ये स्मिथसोनियन म्युझियमने कुशी कुटुंबाचे कागदपत्र आपल्या संग्रहात घेतले. ताटाचं म्हणाल तर साधारण निम्म्याहून जास्त अख्खं धान्य, पाव भाग भाज्या, थोडी कडधान्यं आणि समुद्री शेवाळं, एखाद-दोन वाट्या सूप. साखर, मांस, दूध जवळपास बंद. बटाटा, टोमॅटो, वांगं नको. प्रत्येक पदार्थ यिन (थंड, पसरवणारा) की यांग (उष्ण, आवळणारा) ते बघायचं आणि दोन्हीचा तोल राखायचा. घास पन्नास वेळा चावायचा.

यातलं बरंचसं आपल्याला नवीन नाहीये. जे जिथे पिकतं आणि ज्या ऋतूत येतं ते खा, हे मॅक्रोबायोटिकचं मुख्य तत्त्व. मग त्या न्यायाने आपल्याकडे नाचणी, ज्वारी, हातसडीचा तांदूळ, कुळीथ, अळू, ताक यायला पाहिजे. पण मुंबई-पुण्यात क्लास लावणारे लोक इम्पोर्टेड मिसो आणि जपानी आंबवलेले प्लम विकत घेताना दिसतात आणि शिकवणारेही तीच यादी हातात देतात. मला हे खटकतं, पण तो पैशाचा आणि आवडीचा प्रश्न आहे, त्याने कुणी मरत नाही.

माणसं मेली ती वेगळ्या कारणाने. ओसावांनी आहाराच्या पायऱ्या लावल्या होत्या, उणे तीनपासून सातपर्यंत, आणि सात नंबर म्हणजे नुसतं धान्य, शंभर टक्के. पाणीसुद्धा बेताचं. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूजर्सीतली २४ वर्षांची एक तरुणी हा सात नंबर पाळता पाळता गेली. पुढे तिथल्या ग्रँड ज्यूरीने चौकशी केली, न्यूयॉर्कमधल्या ओसावा फाउंडेशनवर सरकारी कारवाई झाली. १९७१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आहार समितीने लेखी इशारा दिला, त्यात स्कर्व्ही, अॅनिमिया, प्रथिनांची कमतरता, किडनीचं काम मंदावणं, मृत्यू, सगळं नोंदवलेलं आहे. स्कर्व्ही म्हणजे जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तो रोग, एका लिंबाने टळणारा, आणि तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या पोरांना झाला, तेही घरात खायला भरपूर असताना.

नंतरच्या शिक्षकांनी, विशेषतः कुशींनी, आहार पुष्कळ मोकळा केला हे खरं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सल्ला देण्याची पद्धत तशीच राहिली. चेहरा बघायचा, डोळ्याखालचा रंग, कपाळावरच्या रेषा, तळहात, आणि त्यावरून आतल्या कुठल्या अवयवात बिघाड आहे ते सांगायचं. कॅन्सरसुद्धा यिन की यांग अशी वाटणी करून त्याप्रमाणे ताट बदलायचं. आणि हे शिकायला कुठलंही मेडिकल शिक्षण लागत नव्हतं, टप्प्याटप्प्याचा कोर्स केला की माणूस टीचर आणि काउन्सेलर दोन्ही व्हायचा, आणि मला वाटतं खरी गडबड इथेच आहे, चांगला स्वयंपाक शिकवणारा माणूस म्हणजे आजारी माणसाला सल्ला द्यायला लायक माणूस, असं धरून चाललं गेलं.

आता अँथनी सॅटिलारो यांची गोष्ट घ्या, कारण या चळवळीत ती सगळ्यात जास्त सांगितली गेली. ते स्वतः डॉक्टर, फिलाडेल्फियातल्या एका हॉस्पिटलचे प्रमुख, १९७८ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि पसरलेला होता. रस्त्यात लिफ्ट दिलेल्या दोन तरुण मुलांनी त्यांना मॅक्रोबायोटिकबद्दल सांगितलं, त्यांनी ते सुरू केलं, दुखणं कमी झालं, आणि १९८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मग काय, जगभर बोलबाला, डॉक्टरच बरा झाला म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही. पण त्यांचं ऑपरेशनही झालेलं होतं आणि हार्मोनचे उपचारही चालू होते, जे त्या काळात प्रोस्टेट कॅन्सरवरचे नेहमीचे उपचार होते आणि त्यांनी काही वर्षं आराम पडतो हे माहीत होतं. तरी सांगताना सगळं श्रेय ब्राऊन राइसला गेलं. १९८९ मध्ये सॅटिलारो त्याच कॅन्सरने वारले. मधल्या सात वर्षांत त्यांची गोष्ट वाचून किती जणांनी काय सोडलं असेल याचा हिशोब कुणाकडेच नाही, आणि नाही याचाच मला राग येतो. हॉस्पिटलमध्ये पेशंट दगावला तर निदान केसपेपर उरतो. इथे काहीच उरत नाही.

कुशी कुटुंबाबद्दल लोक कधी कधी फार वाईट बोलतात. त्यांची मुलगी १९९५ मध्ये, अॅव्हलिन २००१ मध्ये आणि स्वतः मिचिओ २०१४ मध्ये, तिघंही कॅन्सरने गेले, आणि त्यावरून हिणवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कॅन्सर कुणालाही होतो, काटेकोर खाणाऱ्यालाही होतो, मिचिओ ८८ वर्षं जगले. पण एवढं तरी नक्की की "असं खाल्लंत तर कॅन्सर होणार नाही" हे कुणाला सांगता येत नाही, आणि काउन्सेलरसमोर बसलेल्या पेशंटला ही गोष्ट कळायचा हक्क आहे. मिचिओंचा मुलगा लॉरेन्स कुशी एपिडेमिऑलॉजिस्ट झाला, म्हणजे आजारांचा शास्त्रीय अभ्यास करणारा, आणि त्याने २००१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर याच विषयावर पेपर लिहिला. त्यात आहारातल्या चांगल्या बाजू मांडल्यात, आणि कॅन्सरवरच्या परिणामाचा शास्त्रीय पुरावा मर्यादित आहे, नीट अभ्यास व्हायला हवा, हेही सरळ लिहिलंय. घरातलाच माणूस इतकं मोजूनमापून बोलतो, मग बाकीच्या टीचर लोकांना एवढी खात्री कुठून येते?

आता जवळचं सांगते. माझ्या नात्यातल्या एक काकू, डायबेटिसच्या गोळ्या बरीच वर्षं चालू, एका काउन्सेलरकडे जायला लागल्या. त्या बाई गोड बोलायच्या, तास दीड तास वेळ द्यायच्या, काकूंची झोप कशी आहे, सुनेशी पटतं का, लहानपणी काय खायच्या, सगळं विचारायच्या. हातात एक झेरॉक्सचा कागद दिला. मी तो बघितलाय. वर काकूंचं नाव पेनाने लिहिलेलं, खाली छापील यादी, हे खा, हे बंद, प्रेशर कुकरमध्ये ब्राऊन राइस चिमूटभर मीठ घालून, घास पन्नास वेळा. तारीख नाही, सही नाही, सल्ला देणाऱ्याचं नावसुद्धा नाही. काकू कुठल्या गोळ्या घेतात याचा त्यावर शब्द नाही. काकूंनी मन लावून पाळलं, टेबलावर बसून बोटांवर घास मोजायच्या, साखर गेली, बिस्किटं गेली, रात्रीचं जेवण निम्म्यावर आलं, आणि गोळ्यांचा डोस तोच. एके पहाटे घामाने डबडबून उठल्या, बोलणं अडखळायला लागलं, काकांना वाटलं पॅरॅलिसिस. शेजारच्या नर्सताईंनी शुगर बघितली, खाली गेलेली, साखरपाणी दिलं तेव्हा भानावर आल्या. काउन्सेलरला फोन केला तर त्या म्हणाल्या, घाबरू नका, हा डिस्चार्ज आहे, शरीर जुनं साठलेलं बाहेर टाकतंय.

हा डिस्चार्ज शब्द लक्षात ठेवा. बरं वाटलं की आहाराने वाटलं, त्रास झाला की डिस्चार्ज, आणि फारच बिघडलं तर तुम्ही नीट चावलं नाही, बाहेरचं खाल्लं, मनात शंका होती. म्हणजे पद्धत कधी चुकतच नाही, चुकतो तो फक्त आजारी माणूस. जो आधीच घाबरलेला आहे, अंगात ताकद नाही, त्याच्या डोक्यावर वर हेही ओझं.

आणि गंमत नाही, खरंच बघा, काकूंची शुगर खाली आली म्हणजे आहार काम करत होता! मी आहाराला फालतू म्हणतच नाहीये. रोममध्ये टाइप टू डायबेटिसच्या पेशंटवर मॅक्रोबायोटिक आहाराची ट्रायल झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, २१ दिवसांत त्या गटाची साखर नेहमीच्या डायबेटिस आहारवाल्यांपेक्षा जास्त सुधारली. पण तिथे डॉक्टर होते, रोजची मोजमापं होती, औषधांवर नजर होती. ज्या गोष्टीत शुगर उतरवायची ताकद आहे त्या गोष्टीत माणसाला बेशुद्ध पाडायचीही ताकद आहे, दोन्ही एकाच ताटातून येतात. आपल्याकडे दोन वेळा जेवा की दर दोन तासांनी खा यावर घराघरात भांडणं झाली, व्हॉट्सअॅप ग्रुप फुटले, पण इन्सुलिनवरच्या माणसाने जेवणाची वेळ बदलली तर डोस कोण बदलणार, हा प्रश्न त्या भांडणात फार कमी जणांनी विचारला.

कॅन्सरच्या बाबतीत तर वाट बघायलाही वेळ नसतो. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांचा २०१८ चा अभ्यास आहे, बरा होण्यासारखा, न पसरलेला कॅन्सर असलेल्या आणि नेहमीचे उपचार न घेता फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ लोकांचा. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये साडेपाच पटींच्या वर. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हळद, कडुलिंब, लिंबूपाणी आणि उपासाने कसा गेला ते सांगितलं तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना एकत्र पत्रक काढावं लागलं, की बाबांनो असं करू नका, उपचार थांबवू नका. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन, केमो सगळं झालेलं होतं. पण व्हिडिओत लक्षात राहिलं काय, तर हळद. सॅटिलारोंच्या वेळी झालं तेच, बेचाळीस वर्षांनी, आपल्या देशात.

सगळ्यात जास्त मला नेदरलँड्समधल्या मुलांबद्दल लिहावंसं वाटतं. मोठा माणूस स्वतःच्या जीवाचं काय करायचं ते ठरवेल, पण बाळ काय ठरवणार. १९८० च्या दशकात तिथे मॅक्रोबायोटिक घरांमधल्या बाळांचा नीट अभ्यास झाला. अंगावरचं दूध कमी होऊन वरचं अन्न सुरू झालं, पातळ भाताची पेज, भाज्या, दूध नाही, तेल-तूप जवळपास नाही, की वाढ मंदावायची. मुडदूस, बी-ट्वेल्व्हची कमतरता, चालणं-बोलणं उशिरा. हे आईबाप निष्काळजी नव्हते. उलट फार काळजी करणारे, शिकलेले, पोटच्या पोरासाठी रोज ताजं शिजवणारे लोक होते. त्यांना कुणीतरी विश्वासातल्या माणसाने सांगितलं होतं म्हणून ते तसं वागले. संशोधकांनी त्यांना आहारात तेल, मासे, थोडं दूध घालायला सांगितलं आणि बऱ्याच घरांनी ऐकलं, वाढही सुधारली. पण २००० मध्ये दुसरा अभ्यास आला, त्यात लहानपणी साधारण सहाव्या वर्षापर्यंत तसं खाल्लेली मुलं आता दहा ते सोळा वर्षांची होती, नंतर दूध-अंडी खाऊनही काहींची बी-ट्वेल्व्ह पातळी कमीच होती आणि बुद्धीच्या काही चाचण्यांत ती मागे पडली. त्या मुलांनी कुणाला जाब विचारायचा? आपल्याकडेही आता लहान मुलांचं दूध बंद करा, सगळं प्लांट बेस्ड करा असं सांगणारे आहेत, आणि सोबत बी-ट्वेल्व्ह द्या हे सांगणारे त्यांच्यात कमी आहेत.

लोक यांच्याकडे का जातात, हेही प्रामाणिकपणे बोलायला हवं, कारण नुसतं "लोक भोळे आहेत" म्हणणं खोटं आहे. काकूंच्या डॉक्टरांनी इतक्या वर्षांत त्या घरी काय खातात हे कधी विचारलं नव्हतं. "गोड कमी करा, भात कमी करा, पुढच्या महिन्यात या", झालं. ओपीडीत तीन तास बसायचं आणि आत तीन मिनिटं. भूक लागत नाही, तोंडाला चव नाही, केमोनंतर काय खाऊ, हे विचारलं तर "काहीही खा". आजारी माणसाला स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं असतं, आणि रोज तीनदा करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे जेवण. ते त्याच्याकडून काढून घेतलंत तर तो दुसरीकडे जाणारच. प्रत्येक मोठ्या ओपीडीत शिकलेला डाएटिशियन बसवा आणि त्याला बोलायला वेळ द्या, निम्मी गर्दी तिथेच थांबेल असं माझं मत आहे.

कायद्याचं बघायला गेलं तर आपल्याकडे १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्यात कॅन्सर, डायबेटिस अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. पण तो जाहिरातीपुरता. बंद खोलीत दिलेला सल्ला त्यात सापडत नाही. डॉक्टरांना १९९५ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ग्राहक न्यायालयात खेचता येतं. आहारतज्ज्ञ २०२१ च्या कायद्याने आता नोंदणीच्या कक्षेत आलेत. नॅचरोपॅथीची निदान साडेपाच वर्षांची डिग्री आहे. मॅक्रोबायोटिक काउन्सेलर यातल्या कशातच बसत नाही.

मग लायसन्स द्या, असं कुणी म्हणेल. मला भीती वाटते. जर्मनीत १९३९ पासून हाइलप्राक्टिकर म्हणून परवानाधारक नैसर्गिक उपचारक आहेत, परीक्षा असते, पण ती मुख्यतः या माणसापासून लोकांना धोका नाही ना एवढं बघणारी. २०१६ मध्ये अशाच एकाच्या केंद्रात एक न तपासलेलं रसायन टोचून घेतलेले तीन कॅन्सर पेशंट दगावले, २०१९ मध्ये त्याला निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाली, तीही स्थगित. सरकारी शिक्का मिळाला की बोर्ड मोठा होतो, ज्ञान वाढतंच असं नाही.

त्यापेक्षा मला कॅलिफोर्नियाची वाट बरी वाटते. तिथे २००३ पासून डॉक्टर नसलेल्या उपचारकाला काम करायला मोकळीक आहे, पण त्याने पेशंटला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं की मी लायसन्स असलेला डॉक्टर नाही, माझं शिक्षण हे, मी जे करतो त्यामागचा विचार हा. पेशंटची त्यावर सही घ्यायची आणि तो कागद तीन वर्षं जपून ठेवायचा. डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करायला सांगायचं नाही. मिनेसोटातही २००० मध्ये असाच कायदा झाला, तिथे तर तक्रार कुठे करायची तेही पेशंटला लेखी द्यावं लागतं. कुणाचं स्वातंत्र्य गेलं नाही, क्लास बंद पडले नाहीत.

यावर "निसर्गोपचाराला तुमचा विरोधच" असं ऐकवणारे भेटतील, म्हणून पुण्याचंच एक उदाहरण देते. निसर्गोपचारावर गांधीजींएवढी श्रद्धा असलेला माणूस आपल्या देशात दुसरा सापडणं कठीण, उरुळी कांचनचा आश्रम त्यांनीच १९४६ मध्ये सुरू केला. पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स बिघडलं तेव्हा ससून हॉस्पिटलमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं, मध्येच वीज गेली तर कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. आणि ऑपरेशनच्या आधी गांधीजींनी संमतीच्या निवेदनावर सही केली होती. माती, पाणी, उपास यावरची श्रद्धा त्यानंतरही कमी झाली नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. मुंबई-पुण्यात, ठाण्यात, नाशकात जे कुणी मॅक्रोबायोटिक शिकवतात आणि मनापासून शिकवतात, त्यांनी हे उद्यापासून स्वतःहून करावं अशी माझी मागणी आहे, त्याला कुणाच्या आदेशाची गरज नाही. एक कागद, मराठीत. वर तारीख, सल्ला देणाऱ्याचं पूर्ण नाव, शिक्षण, मी डॉक्टर नाही हे वाक्य. पेशंट घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि डोस. कुठलं लक्षण दिसलं तर मला नाही, हॉस्पिटलला फोन करायचा ते. मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी सल्ला असेल तर बी-ट्वेल्व्ह, लोह आणि वजनाची नोंद. दोघांच्या सह्या, एक प्रत पेशंटकडे, आणि शुगर-बीपीची गोळी कमी करायचा विषय निघाला तर त्यासाठी पेशंटच्या डॉक्टरांचा नंबर त्याच कागदावर.